वाचकांचे प्रश्न : गाडीच्या आतलं प्लास्टिक चिकट का होतं, पिवळं का पडतं?

गाडीच्या अंतर्भागाबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी आधी एकच गोष्ट तपासायची असते : बिघडलंय नेमकं काय? प्लास्टिक, त्यावरचा रंग, रंगावरचा मुलायम थर, की वर बसलेला नुसता मळ? हे न पाहता फडक्यावर थिनर घेतला, की सुधारण्याजोगा भागही भंगारात जातो.

प्रश्न : २०११ची युरोपीय बनावटीची सेदान आहे. दाराचं आतलं हँडल, पॉवर विंडोच्या स्विचभोवतीची पट्टी आणि ग्लव्ह बॉक्सची खिट्टी गुळासारखी चिकट झाली आहे. नख लागलं तरी काळा थर निघतो. कोणी टाल्कम पावडर लावा म्हणतं, कोणी थिनरने पुसा म्हणतं. (छत्रपती संभाजीनगर)

तुमचं प्लास्टिक शाबूत आहे. चिकट झालाय तो त्यावरचा 'सॉफ्ट टच' थर. कडक एबीएस प्लास्टिक हाताला रबरासारखं मऊ लागावं म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ लेप मारतात. या लेपाची जाडी केसापेक्षाही कमी असते. २०००च्या दशकात युरोपीय गाड्यांत त्याची लाटच आली होती. त्या काळातल्या फेरारींची बटणंही याच दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि ती नव्याने लेपून देणारे स्वतंत्र कारागीर परदेशात आजही काम करतात. तेव्हा स्वस्त गाडी घेतली म्हणून हे झालं, असं मनात आणू नका.

हवेतल्या बाष्पाने या पॉलियुरेथेनमधले एस्टर बंध तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल उरलेले बंध आणखी वेगाने तोडतं. म्हणूनच आठ-दहा वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका पावसाळ्यात सगळं एकदम चिकटायला लागतं. हाताचा घाम, सनस्क्रीन आणि बंद गाडीतली उष्णता यांची त्यात भर पडते. एकदा सुरू झालेली ही क्रिया उलटवता येत नाही. पावडर लावली तर चार दिवस कोरडं वाटेल, मग तिचाच राखाडी लगदा होईल. उपाय एकच : थर पूर्ण काढणे.

त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, शक्यतो ९९ टक्क्यांचं. दोन दारांच्या कामाला अर्धा लिटर पुरतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन यांना हात लावू नका. अ‍ॅसिटोन एबीएस विरघळवतं आणि पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या कडक प्लास्टिकवर बारीक तडे पाडतं. ते तडे नंतर कशानेच जात नाहीत.

भाग दारावरून सोडवता आला तर उत्तम. प्लास्टिकच्या पट्टीने कडेने उचकटा, स्क्रू-ड्रायव्हर घातलात तर कडेला खाच पडेल. कनेक्टर काढा. सुती कापडाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून भागावर गुंडाळा आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. मग चोळा. थर शेवया सुटल्यासारखा वळ्या होऊन निघतो. फडक्याची बाजू सतत बदला, नाहीतर काढलेला चिकटा पुन्हा तिथेच पसरतो. कोपऱ्यांत जुन्या एटीएम कार्डाची कड चालते. असं तीन-चार वेळा करावं लागेल. शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. हे काम दारं उघडी ठेवून, इग्निशन बंद करून आणि नायट्राइलचे हातमोजे घालून करा. या अल्कोहोलची वाफ साध्या ठिणगीनेही पेटते.

आता महत्त्वाचा इशारा. रात्री ज्यांची चिन्हं उजळतात ती बटणं यातून पूर्ण वगळा. त्यांचं मूळ प्लास्टिक पांढरं किंवा अर्धपारदर्शक असतं, त्यावर काळा रंग असतो आणि त्या काळ्या रंगातून लेझरने चिन्ह कोरलेलं असतं. थराबरोबर काळा रंगही गेला, की चिन्हं पुसली जातात आणि रात्री अख्खं बटण दिव्यासारखं पेटतं. अशी बटणं चिकटली असतील तर सौम्य साबणाच्या ओलसर फडक्यावर भागवा किंवा स्विचचा संच बदला.

थर गेल्यावर खालचं प्लास्टिक थोडं चकचकीत आणि हाताला कडक लागेल. आमच्या मते ते तसंच राहू द्यावं. पुन्हा सॉफ्ट टच लेप मारून घेण्यात पैसे घालवू नयेत, कारण तोही त्याच वाटेने जाणार.

प्रश्न : पावसाळ्यात दोन महिने गाडी फारशी बाहेर काढली नाही. आता स्टिअरिंग, गिअर नॉब आणि डॅशबोर्डवर पांढुरके ठिपके दिसतात. प्लास्टिकचा रंग उडाला का? (रत्नागिरी)

रंग उडालेला नाही, ही बुरशी आहे. ठिपके नेमके हात लागतात तिथेच आहेत हीच तिची खूण. बुरशी प्लास्टिक खात नाही, त्यावर बसलेला घाम, तेलकटपणा आणि खाण्याचे कण खाते. गाडी उन्हात आणा, चारही दारं उघडा आणि तोंडाला मास्क लावा. कोरड्या फडक्याने झटकू नका, कारण बीजाणू आसनांवर जाऊन बसतील. सत्तर टक्के अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. बटणांची चिन्हं, चामडं आणि स्क्रीन मात्र सोडा. तिथे एक लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली, बेबी शाम्पू पुरे. सीटबेल्टवर ब्लीच कधीही वापरू नका, त्याने पट्ट्याचे धागे कमजोर होतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवा, शाम्पूच्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावरच आत सोडा.

पायाखालच्या मॅटखाली हात घालून बघा. ओल लागली तर एसीची पाणी जाणारी नळी तुंबलेली असू शकते किंवा दाराचं रबर गळत असेल. ते दुरुस्त होईपर्यंत वरवरच्या पुसण्याचा उपयोग नाही.

प्रश्न : नवी एसयूव्ही, वय सहा महिने. गिअरभोवतीचा चकचकीत काळा भाग ओरखड्यांनी भरला आहे. रोज पिवळ्या फडक्याने पुसतो, तरी ही अवस्था! (पुणे)

तरी नव्हे, त्यामुळेच. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते कोणत्याही प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. कोरडं फडकं ते कण पृष्ठभागावर घासत नेतं. 'पियानो ब्लॅक' म्हणून शोरूममध्ये कौतुकाने दाखवतात तो हा भाग कधी आरशासारख्या गुळगुळीत साच्यातून थेट काढलेला असतो, कधी वरून रंगवलेला. दोन्हींत ओरखडे सारखेच उठून दिसतात. ज्या जागी किल्ली, फोन आणि अंगठ्या रोज लागतात तिथे हा पृष्ठभाग देणं हा आमच्या मते डिझाइनवाल्यांचा हट्ट आहे. ग्राहकाने त्याचे जादा पैसे मोजण्याचं कारण नाही.

आता उपाय. आधी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा. जाड लवेचा मायक्रोफायबर (३०० ते ३५० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम) चांगला ओला करून, न दाबता, एकाच दिशेने सरळ पुसा. गोल फिरवलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटतात. आधीचे बारीक ओरखडे प्लास्टिक पॉलिश आणि फोमच्या छोट्या पॅडने हाताने कमी करता येतात. थेंबभर पॉलिश, हलका दाब, एका वेळी तळहाताएवढी जागा. मशीन फिरवायला दिलं तर घर्षणाच्या उष्णतेने एबीएस मऊ पडून लहरी उमटण्याचा धोका असतो. नखाला जाणवणारा ओरखडा पॉलिशने जाणार नाही.

पॉलिश झाल्यावर मापाची टीपीयू (लवचीक, पारदर्शक प्लास्टिकची) फिल्म लावून घ्या. १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पुरते. फिल्म आधी लावून मग पॉलिशचा विचार करणारेही असतात, तेव्हा क्रम लक्षात ठेवा. टचस्क्रीनवर पॉलिश किंवा अमोनिया असलेला काच-क्लीनर अजिबात नको. तिच्यावर चकाकी कमी करणारा नाजूक लेप असतो, तो ढगाळ होतो आणि परत येत नाही.

प्रश्न : बेज रंगाचा डॅशबोर्ड पिवळसर झाला आहे. समोरच्या काचेवर आतून तेलकट धूसर थरही सतत येतो. दोन्हींचा संबंध आहे का? गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात असते. (नागपूर)

संबंध आहे, पण रोग दोन आहेत.

आधी काच. डॅशबोर्डचं आवरण पीव्हीसीचं असेल तर ते लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेले असतात. तापलं की त्यांचा काही अंश उडून तुलनेने थंड काचेवर साचतो. आतल्या फोममधूनही अशीच द्रव्यं निघतात. गाडी उद्योगात याला 'फॉगिंग' म्हणतात. त्याच्या एका चाचणीत सामानाचा नमुना १०० अंश सेल्सिअसवर १६ तास तापवून थंड पृष्ठभागावर किती मिलिग्रॅम थर साचतो ते मोजतात. नव्या गाडीत हा थर जास्त येतो, पुढे कमी होतो. निम्मं अल्कोहोल, निम्मं पाणी असं मिश्रण फडक्यावर घ्या, एका फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्याने टिपा. डॅशबोर्डवर आधी टॉवेल पसरा. जुनी गाडी असूनही थर दर आठवड्याला येत असेल तर डॅशबोर्डवर मारलेलं चमक-पॉलिश हे कारण असू शकतं. ते बंद करून पाहा.

पिवळेपणासाठी कापसाची काडी शाम्पूच्या पाण्यात बुडवून इंचभर जागा घासा. पिवळं काडीवर आलं तर तो धूर, घाम आणि पॉलिशचा मळ आहे, मऊ ब्रशने निघेल. काडी स्वच्छ राहिली तर एखादी जागा अशी शोधा की जिथे ऊन पोचत नाही, उदाहरणार्थ उघडलेल्या ग्लव्ह बॉक्सच्या कडेची आतली बाजू. तिथला रंग फिका आणि बाहेरचा पिवळा असेल तर प्लास्टिकच आतून बदललं आहे. एबीएसमधला रबराचा अंश, म्हणजे ब्युटाडाइन, उष्णता, ऊन आणि ऑक्सिजनने पिवळा पडतो. जुन्या संगणकांसाठी सुचवतात तो हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय डॅशबोर्डवर करू नका. एवढ्या मोठ्या भागावर तो सारखा लागत नाही, ठिगळं पडतात, आणि पिवळेपणा कालांतराने परततो. इंटिरिअरसाठीचा लवचीक रंग चांगल्या कारागिराकडून मारून घेता येतो. प्रवाशाच्या समोरचं एअरबॅगचं झाकण मात्र त्याला रंगवू देऊ नका. त्याच्या आतल्या बाजूला फाटण्यासाठी मुद्दाम कमजोर केलेली रेघ असते. वरून बसलेला जाड रंग, गोंद किंवा कव्हर ते उघडण्यात अडथळा आणू शकतं. हेच स्टिअरिंगच्या मधल्या भागालाही लागू.

पुढच्यासाठी सावली. समोरची काच दोन थरांची असते आणि त्यांच्यामधला पीव्हीबीचा पडदा बहुतेक अतिनील किरण अडवतो. म्हणून डॅशबोर्डला प्रामुख्याने उष्णता मारते. बाजूच्या साध्या टफन्ड काचांतून अतिनील-ए बऱ्यापैकी आत येतं, त्यामुळे डोअर पॅडच्या वरच्या कडा आधी फिक्या पडतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घेतलेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली मोजमापं आहेत : तासभर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, सावलीतल्या गाडीचा ४८ वर राहिला. नागपूरच्या मे महिन्यालाही हा हिशोब परका नाही. समोरच्या काचेला आतून चंदेरी सनशेड लावा, कडेपर्यंत भिडेल अशी. काचेवर काळी फिल्म लावण्याच्या भानगडीत पडू नका. २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तिच्यावरून पोलीस गाड्या अडवतात आणि दंड होतो.

प्रश्न : एसीच्या जाळीला लावलेली अत्तराची बाटली सांडली. जाळीखालची पट्टी सुरकुतली आणि चिकट झाली. आता अत्तराऐवजी कापूर ठेवावा का? (म्हापसा)

अशा सुगंधांतली तेलं आणि त्यांचे वाहक द्रव हे स्वतःच विद्रावक असतात. लिंबूवर्गी वासांतलं लिमोनिन तर विशेष. ती रंग उचलतात आणि एबीएस फुगवतात. सांडल्या क्षणी पुसण्याऐवजी टिपायचं, मग साबणाचं पाणी. आता उशीर झाला आहे, तेव्हा दोन दिवस हात लावू नका. आत मुरलेला द्रव उडून गेला की चिकटपणा बराच कमी होतो. राहिलेल्या सुरकुत्या घासून रंगवण्यापेक्षा ती पट्टी किंवा जाळी सुटी मिळते का हे सुट्या भागांच्या काउंटरवर चेसिस नंबर देऊन विचारा. बऱ्याच गाड्यांत मिळते.

कापराबद्दल : वडी प्लास्टिकला टेकून ठेवू नका. कापूर हा जुन्या सेल्युलॉइडचा प्लास्टिसायझर होता. एबीएस किंवा पॉलिस्टायरिनला तो सतत चिकटून राहिला तर पृष्ठभाग मऊ होऊन खळगा पडू शकतो. कापडी पुरचुंडीत, कशालाही न टेकता ठेवा. उंदरांसाठी डांबरगोळ्या ठेवतात, त्या केबिनमध्ये नकोतच. प्लास्टिकचं नुकसान सोडा, बंद गाडीत ती वाफ श्वासातून घेणं वाईट. डास पळवणाऱ्या क्रीममधलं डीईईटीही प्लास्टिक आणि रंग विरघळवतं, तेव्हा क्रीम चोळून लगेच स्टिअरिंगला हात लावू नका.

प्रश्न : दाराच्या आतल्या हँडलांचा चंदेरी रंग सोलून खालचं काळं प्लास्टिक दिसतंय. स्प्रेचा डबा आणून घरी मारला, महिन्यात पुन्हा निघाला. (कोल्हापूर)

दोन ठिकाणी चूक झाली असणार : खाली प्रायमर नाही आणि वर टणक क्लिअर कोट नाही.

हँडल काढा आणि मागची बाजू बघा. आयएसओ ११४६९ नुसार तिथे दोन बाणांसारख्या खुणांमध्ये प्लास्टिकचं नाव साच्यातच उमटवलेलं असतं. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर साधा प्लास्टिक प्रायमर चालतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर त्यावर कोणताच रंग आपणहून धरत नाही. आधी 'अ‍ॅडहीजन प्रमोटर'चा, म्हणजे रंग धरवणाऱ्या द्रवाचा, एक अगदी पातळ हात हवा आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत पुढचा कोट.

जुना रंग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने कडा बोटाला लागणार नाहीत इतका उतरवा, मग ६०० आणि ८००. अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नका. प्रायमर, त्यावर चंदेरी बेसचे दोन-तीन पातळ हात, दर हातात दहा मिनिटांचं अंतर. चार हँडलांना ५० मिली बेस भरपूर. शेवटी हार्डनर घातलेला टू-के क्लिअर, दोन हात. डब्यातला साधा लॅकर घाम आणि सॅनिटायझरने मऊ पडतो, तुमचा रंग बहुधा त्यानेच गेला. टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना घातक आहेत आणि कापडी मास्क पुरत नाही. म्हणून आमचा सल्ला : घासून तयारी घरी करा आणि रंग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्या. त्याच्याकडे एखादी गाडी क्लिअरला लागलेली असेल त्या दिवशी चार हँडलं सोबत होऊन जातात. दुसऱ्या दिवशी बसवता येतील, पण आठवडाभर नखं आणि सॅनिटायझर दूर ठेवा.

प्रश्न : डिकीच्या कडेला आणि डोअर पॅडच्या खालच्या भागात बुटांचे, सामानाचे पांढरे ओरखडे आहेत. (सोलापूर)

हे भाग टाल्क मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ओरखड्यात वरची दाणेदार नक्षी चिरडते आणि खालचा टाल्क उघडा पडतो, म्हणून पांढरं दिसतं. आधी ओल्या मेलामाइन स्पंजने एका कोपऱ्यात हलकेच पाहा. बुटाच्या रबराचा डाग असेल तर तेवढ्यानेच जाईल, पण जोर लावलात तर तोच स्पंज नक्षी घासून चमक आणेल. खरा ओरखडा असेल तर हॉट एअर गन २५० अंशांवर, १५ सेंटिमीटर अंतरावरून, सतत हलवत, तीन-चार सेकंदांच्या टप्प्यांत. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळतं. पांढरेपणा विरला की लगेच थांबा. नक्षी चमकायला लागली तर ती जागा गेली. एअरबॅग, वायरिंग आणि फोम चिकटवलेल्या भागांजवळ ही गन नको. खोल खाच याने भरत नाही, तिथे सिल गार्ड (कडेवर बसणारी संरक्षक पट्टी) लावून झाका.

प्रश्न : वॉशिंग सेंटरवाला दर वेळी डॅशबोर्ड चमकवून देतो. चांगलं की वाईट? (ठाणे)

नको म्हणून सांगा. ते बहुतेक सिलिकॉन तेल असतं. धूळ धरतं, काचेत प्रतिबिंब पाडतं, आणि स्टिअरिंग किंवा पेडलवर गेलं तर घसरतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, डिझेल यांचीही तीच गत. संरक्षण हवंच असेल तर पाण्यात बनवलेलं, मॅट दिसणारं अतिनील-रोधक घ्या, वाटाण्याएवढं फडक्यावर, तीन महिन्यांतून एकदा.

प्रश्न : गाडी दीड वर्षाची. मागच्या दाराच्या स्विच पॅनेलवरचा रंग फुगून सुटतोय. सर्व्हिस सेंटर 'वापरामुळे झीज' म्हणून वॉरंटी नाकारतं. (नाशिक)

झीज हात लागतो तिथे होते, हळूहळू पातळ होत जाते आणि तिच्या कडा विरळ असतात. फुगवटा, सुटलेला पापुद्रा आणि तेही क्वचितच उघडणाऱ्या मागच्या दारावर, हे रंग नीट न धरल्याचं लक्षण आहे. हाच मुद्दा लेखी मांडा. पुढच्या दाराचा आणि मागच्या दाराचा असे दोन्ही फोटो तारखेसह जोडा. तक्रार जॉब कार्डवर नोंदवल्याशिवाय गाडी परत घेऊ नका आणि नकार दिला तर कारणासह लेखी मागा. तोवर पापुद्रा सोलू नका, की त्यावर काही लावूही नका. 'ग्राहकाने केमिकल वापरलं' असा शेरा मारायला तेवढं निमित्त पुरतं.